हौसा साळूचं बिनआवाजी मशीन

एका जंगलात, बाळांनो, सगळ्यांना सगळं कळत असे. त्यामुळे तिथे कुणाचंही काम वेळेवर होत नसे.

त्या जंगलात हौसा नावाची एक साळू राहत होती. साळू म्हणजे साळिंदर. अंगभर काटे, स्वभावाने मात्र लोणी. रात्री कंदमुळं उकरायची आणि पहाटे बिळाकडे परतायची. ती परतायची वेळ आणि आबांची गायला बसायची वेळ एकच.

आबा म्हणजे म्हातारे दयाळ पक्षी. काळा कोट, पांढरी बंडी, शेपटी कायम ताठ. हौसाच्या बिळासमोर एक बेहड्याचं झाड होतं, त्याच्या शेंड्यावर बसून ते गायचे. त्यांचं एकच गाणं होतं, एकोणीस लकेरींचं. ते त्यांना वडिलांनी शिकवलं होतं, वडिलांना आजोबांनी. हौसा खाली बसून शेपटीचे काटे खुळखुळवायची आणि ताल धरायची. एकोणिसावी लकेर झाली की आबा म्हणायचे, "जा पोरी, झोप आता." मग ती बिळात शिरायची. कित्येक वर्षं असं चाललं होतं.

आबांनी हे गाणं कुणाला शिकवलं का नाही, असं तुम्ही विचाराल. आबा तयार होते हो! पण जंगलातली तरणी पाखरं मोबाईलच्या रिंगटोन काढण्यात गुंतली होती. त्यांना एकोणीस लकेरी नुसत्या ऐकायलाही सवड नव्हती.

त्या वर्षी पळस फुलला आणि आबांचा गळा बसला. वैद्यकी करणाऱ्या घोरपडीने त्यांची चोच उघडून आत पाहिलं. "करवंदं संपेपर्यंत गाल," ती म्हणाली. "पुढचं माझ्या हातात नाही."

दुसऱ्या दिवशी आबा हौसाला म्हणाले, "पोरी, माझं गाणं कुठेतरी ठेवून दे. कुठेही ठेव. पण राहू दे."

"ठेवते आबा," हौसा म्हणाली. आबा नसलेली पहाट कशी असेल, हे तिला डोळ्यांपुढे आणताच येईना.

आता गाणं ठेवायचं तर कॉम्प्युटर हवा. जंगलात वीज कुठून आली, असं मध्येच विचारू नका. बोधकथेत वीज असते.

साळूचे काटे अधूनमधून गळतात. त्या जंगलात काट्यांना चांगला भाव होता, कारण काट्याने लिहिता येतं आणि तिथे प्रत्येकाला आपलं मत लिहायचं असे. हौसाने गळलेले तीनशे काटे एका वाळक्या भोपळ्यात साठवले होते. तो भोपळा घेऊन ती नारबाशेठच्या दुकानात गेली. नारबाशेठ हे उदमांजर. धंदा मशीनचा, बोलणं मोजकं.

"काय करायचंय?" नारबाशेठनी विचारलं.

"आबांचं गाणं ठेवायचंय."

"किती जण गाणार?"

"एकटेच."

"वाद्यं?"

"माझी शेपटी."

नारबाशेठनी फडताळातून एक डबा काढला. त्याचा एक कोपरा टवका उडालेला होता. "हा घ्या. कुठल्याशा कचेरीत पाच वर्षं राबून आलाय. प्रोसेसर चार कोअरचा आहे, एका गाण्याला पुष्कळ झाला. रॅम आठ जीबी आहे, ती सोळा करून देतो. जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी घालतो. हा माईक. माईकमधला आवाज कॉम्प्युटरमध्ये नेणारं हे छोटं खोकं, याला इंटरफेस म्हणतात. आणि हा हेडफोन. रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. पंखा थोडा घरघरतो, तेव्हा डबा बिळात ठेवा आणि लांब वायरने माईक झाडावर न्या. सगळ्याचे दोनशे ऐंशी काटे."

"एवढंच?"

"एवढंच. उद्या पहाटे गाणं ठेवून टाका."

हौसाला इतका आनंद झाला की तिचे काटे फुलले आणि मागे उभं असलेलं गिऱ्हाईक दोन पावलं सरकलं. तिने भोपळ्याचं तोंड उघडलंसुद्धा. तेवढ्यात तिला यादीची आठवण झाली.

यादी म्हणजे काय ते ऐका. त्या जंगलात कुणालाही मोठी खरेदी करायची असली, तर आधी तिची यादी सालीवर लिहून सात दिवस वडाला टांगावी लागे. येणाऱ्याजाणाऱ्याने ती वाचायची. पटली नाही तर ओळ खोडून आपली ओळ लिहायची. सात दिवसांत एकही ओळ बदलली नाही, तर खुशाल खरेदी करा. बदलली, तर पुन्हा पहिल्यापासून सात दिवस. हा रिवाज कुणी पाडला ते कुणालाच ठाऊक नव्हतं. पण न टांगता आणलेल्या वस्तूकडे तिथे कुणी ढुंकूनही बघत नसे. एका सशाने एकदा कुणाला न विचारता कुकर आणला. तो अजून त्या कुकरात भात लावतो, पण दार लावून.

"टांगा बापडी," नारबाशेठ म्हणाले. "डबा तुमच्या नावाने बाजूला ठेवतो."

हौसाने यादी टांगली. पहिल्याच दिवशी ती वाचायला बजाबा वानर आला. बजाबाने आजवर स्वतःच्या हाताने अकरा मशीनं जोडली होती. त्यातल्या एकावरही त्याने काही काम केलं नव्हतं. वापरलं की मशीन जुनं होतं, असं त्याचं म्हणणं होतं.

"हौसाबाई, चार कोअर?" बजाबा म्हणाला. त्याच्या आवाजात सुतक होतं.

"पुरतील म्हणाले नारबाशेठ."

"आज पुरतील हो. उद्या चाळीस ट्रॅक लावायचे झाले तर?"

"पण आबा एकटेच आहेत."

"आज एकटे आहेत."

उद्या आबा चाळीस झाले तर काय, हा विचार तिने खरोखरच केला नव्हता. बजाबाने चार खोडून आठ लिहिलं. सात दिवस पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले.

मग रॅम आली. सोळा जीबीची कुणीतरी बत्तीस केली. सहाव्या दिवशी कुणीतरी बत्तीसची चौसष्ट केली आणि शेजारी लिहिलं, "पुढचा विचार करा." अक्षर ओळखू येत नव्हतं, पण मत ठाम होतं.

त्या पहाटे आबांनी सतरा लकेरी घेतल्या. उरलेल्या दोन निघाल्याच नाहीत.

"आणलंस का गं मशीन?" त्यांनी वरून विचारलं.

"यादी टांगलीय आबा."

"ते बरं केलंस. मागून कुणी बोलायला नको," आबा म्हणाले. तेही त्याच जंगलातले होते ना.

मग गोजाक्का अस्वल आली. तिने यादी वरपासून खालपर्यंत वाचली, पुन्हा खालून वर वाचली आणि कपाळाला हात लावला.

"अगं बाई, ग्राफिक्स कार्ड कुठाय?"

"गाण्याला लागत नाही अक्का," हौसा म्हणाली. एव्हाना तीही थोडं शिकली होती. "पडद्यावर दिसण्यापुरतं प्रोसेसरमधलंच भागतं."

"लागत नाही हे मला सांगतेस? पण असावं. लग्नात नवरीला नथ लागते का? नथीवाचून लग्न अडतं का? तरी घालतातच ना?"

आजूबाजूचे सगळे हसले आणि ग्राफिक्स कार्ड यादीत गेलं.

आता पुढचं नीट ऐका, एकदाच सांगेन. कार्ड आलं म्हणून पॉवर सप्लाय मोठा आला. पॉवर सप्लाय मोठा म्हणून कॅबिनेट मोठं आलं. कॅबिनेट मोठं तर त्याला काच हवी, म्हणून काच आली. काचेतून काय अंधार बघायचा? म्हणून आत रंगीत दिवे आले. आता हे सगळं मिळून तापणार, म्हणून सहा पंखे आले. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की सहा पंखे घरघरणार आणि हे तर गाण्याचं मशीन. म्हणून सहाही पंखे खोडले आणि सहा बिनआवाजी पंखे लिहिले, साध्या पंख्याच्या चौपट किमतीचे. प्रत्येक ओळीला सात दिवस.

तुम्हाला वाटेल, हौसा वैतागली असेल. सुरुवातीला वैतागली. पण खरं सांगू का? तिला ते आवडायला लागलं होतं. साळू हा एकटा जीव. काट्यांमुळे तिच्याजवळ कधी कुणी टेकून बसलं नव्हतं. आता वडाखाली गेलं की सगळे सरकून जागा करायचे. "या हौसाताई, तुमच्या कॅबिनेटचं काय ठरलं?" असं विचारायचे. तिच्या यादीवर वाद व्हायचे, रुसवेफुगवे व्हायचे, एकदा तर दोन रानडुकरं पॉवर सप्लायवरून हातघाईवर आली. आपल्यासाठी कुणी भांडावं, हे हौसाच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं.

आबा चौदा लकेरींवर आले होते.

एक दिवस बजाबाने बेरीज केली. ती पाचशे वीस काट्यांची भरली. हौसाकडे होते तीनशे. बजाबाने डोकं खाजवलं आणि मग त्याचा चेहरा उजळला.

"हे बघा, यात माईक आहे, इंटरफेस आहे, हेडफोन आहे. ही काय मशीनची अंगं आहेत का? हे वरचं सामान. वरचं सामान कधीही घेता येतं. पाया एकदाच घालायचा असतो."

"पण माईक नसेल तर गाणं आत कसं जाणार?" हौसाने विचारलं.

"आधी आत जागा तर होऊ दे, ताई."

सगळ्यांनी माना डोलावल्या. तिन्ही ओळी खोडल्या गेल्या. तरीही शंभरावर काटे कमी पडत होते. हौसा बिळात गेली आणि तिने पाठीवरचे काटे उपटायला घेतले. गळलेला काटा दुखत नाही, उपटलेला दुखतो. ती दात आवळून मोजत राहिली. हे सगळं आबांसाठी चाललंय, असं ती मनाशी म्हणत होती, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

आता यादीवर खोडण्यासारखं काही उरलं नव्हतं. एक दिवस गेला, दोन गेले, सहा गेले. सातव्या दिवशी सकाळी बजाबा फांद्यांवरून उड्या मारत आला.

"थांबा! प्रोसेसरची नवी पिढी येतेय! पुढच्या महिन्यात!"

तेव्हा मात्र हौसाचं डोकं फिरलं. "बजाबा, करवंदं संपत आली! आबांच्या अकरा लकेरी उरल्यात, अकरा! मी काय त्यांना पुढच्या महिन्यापर्यंत थांबा म्हणू?"

"तुमच्या भल्याचं सांगतोय, ताई," बजाबा कळवळून म्हणाला. "आबांसारखा गाणारा आणि त्याचं गाणं मागच्या पिढीच्या प्रोसेसरवर? लोक काय म्हणतील?"

हौसा तशीच उठली आणि तडक नारबाशेठच्या दुकानात गेली. तो डबा अजून फडताळात होता. त्यावर तिच्या नावाची चिठ्ठी होती. शेजारी माईक, इंटरफेस, हेडफोन.

"देऊ?" नारबाशेठनी विचारलं.

हौसाने डब्याकडे पाहिलं. टवका उडालेला कोपरा पाहिला. हा डबा घेऊन वडाखालून जाताना सगळे कसे बघतील, ते तिच्या डोळ्यांपुढे आलं. कुणी काही बोलणार नाही. नुसती जागा करायचे थांबतील.

"एवढा एकच महिना," ती म्हणाली.

नारबाशेठनी चिठ्ठी काढली. त्यांना धंदा करायचा होता.

त्या दिवसापासून आबांनी रोजचं गाणं बंद केलं. "पोरी, रागावू नकोस," ते म्हणाले. "आहे तेवढा गळा राखून ठेवतोय. तुझं मशीन आलं की सगळ्या एकोणीस घेतो. एकदाच घेतो, पण सगळ्या घेतो."

हौसा पहाटे परतायची तेव्हा बेहड्यावर आबा गप्प बसलेले असायचे. तिला फार अपराधी वाटायचं. मग ती वडाखाली जायची, तिथे गेलं की बरं वाटायचं.

अखेर मशीन आलं. करवंदं संपून गेली होती. बेहड्याखालच्या सपाट दगडावर ते मांडलं. सगळं जंगल लोटलं होतं. नारळ फुटला. गोजाक्काने काच आपल्या पोटाच्या केसांनी पुसली. बजाबाने बटण दाबलं आणि आत निळे, जांभळे, हिरवे दिवे लागले. "अहाहा!" सगळे म्हणाले.

"दिव्यांचं काय घेऊन बसलात," बजाबा म्हणाला. "खरी गंमत पुढे आहे. आता सगळ्यांनी श्वास रोखा आणि पंख्यांचा आवाज येतो का ऐका."

सगळे गप्प झाले. माकडं गप्प झाली, रातकिडे गप्प झाले, रिंगटोन काढणारी पाखरंसुद्धा गप्प झाली. इतकी शांतता त्या जंगलात आजवर कधी पडली नव्हती.

वर बेहड्यावर बसलेल्या आबांना वाटलं, हे सगळे आपल्यासाठी गप्प झाले.

त्यांनी शेपटी ताठ केली, छाती भरून घेतली आणि पहिली लकेर घेतली. काय सांगू बाळांनो! महिनाभर राखलेला गळा तो. कुठे चरा नाही, कुठे कंप नाही. दुसरी लकेर पहिलीच्या वर गेली. तिसरी तिच्याभोवती फिरून खाली उतरली. हौसाची शेपटी आपोआप हलायला लागली.

"श्श!" बजाबा ओरडला. "पंखे ऐकू द्या! कोण आहे ते?"

सगळ्यांनी वैतागून वर पाहिलं. मग सगळ्यांनी हौसाकडे पाहिलं. कारण मशीन तिचं आणि आबाही तिचेच.

हौसाचा चेहरा तापला. "आबा," तिने हाक मारली. "एक मिनिट हं. जरा थांबा. आम्ही मशीन ऐकतोय."

आबा चौथ्या लकेरीच्या मध्यावर थांबले. "चुकलं गं माझं," ते म्हणाले.

सगळ्यांनी पुन्हा श्वास रोखले. पंख्यांचा आवाज आला नाही. जराही नाही. मग टाळ्यांचा कडकडाट झाला, कुणी शिट्ट्या मारल्या, गोजाक्काने हौसाला मिठी मारली आणि काट्यांमुळे लगेच सोडली.

"आबा, आता गा!" हौसा ओरडली. "आता गा, कुणी काही म्हणणार नाही!"

आबांनी चोच उघडली. नुसती हवा आली. त्यांनी पुन्हा उघडली. तिसऱ्यांदा उघडली तेव्हा ते फांदीवर डगमगले. मग त्यांनी चोच मिटली आणि शेपटी खाली सोडली.

बजाबाने हौसाच्या जवळ येऊन हळूच समजूत घातली. "मनाला लावून घेऊ नका, ताई. गायले असते तरी काय? माईक नव्हताच."

हौसा बिळात गेली आणि रडली. दोन दिवस ती जेवायलासुद्धा बाहेर पडली नाही. आपणच आबांना थांबवलं, दुसऱ्या कुणी नाही, हे तिला पक्कं कळलं होतं. बजाबा नुसता ओरडला होता. आबा बजाबाच्या ओरडण्याने थांबले नव्हते, तिच्या हाकेने थांबले होते.

तिसऱ्या दिवशी ती उठली. तिच्याकडे विकण्यासारखे आता फक्त शेपटीचे काटे होते, खुळखुळणारे. ते तिने उपटले आणि नारबाशेठकडून माईक, इंटरफेस आणि हेडफोन आणला. नारबाशेठनी काही विचारलं नाही, तिनेही यादी टांगली नाही.

पहाटे तिने माईक बेहड्याच्या शेंड्याशी बांधला. आबांनी सवयीने शेपटी ताठ केली आणि चोच उघडली. हौसाने बटण दाबलं. आजही नुसती हवाच आली. एकोणीस लकेरींना जेवढा वेळ लागायचा तेवढा वेळ ती खाली बसून राहिली. मग तिने बटण बंद केलं.

ते रेकॉर्डिंग वडाखाली सगळ्यांना ऐकवलं गेलं. एकेकाने हेडफोन लावला आणि एकेकाने मान डोलावली.

"घरघरीचा मागमूस नाही!" बजाबा म्हणाला. त्याने डोळे पुसले. "एवढं शुद्ध रेकॉर्डिंग या जंगलात झालेलं नाही."

"आणि कार्ड घेतलं म्हणून," गोजाक्का म्हणाली.

सगळ्यांत शेवटी हेडफोन आबांना दिला. तो त्यांना फार मोठा होत होता, म्हणून हौसाने दोन्ही बाजूंनी धरून ठेवला. आबांनी डोळे मिटले. ते पहिल्यापासून शेवटपर्यंत, मध्ये एकदाही न हलता, सगळं ऐकत राहिले. मग त्यांनी डोळे उघडले आणि हौसाच्या कानाशी वाकून कुजबुजले, "अगदी स्वच्छ आलंय गं, पोरी."

तात्पर्य : मशीन घेताना कधीही घाई करू नये. घाई केली, तर हाती नुसतं गाणं लागतं.